कानाचे दुखणे तिसऱ्यांदा, आणि या वेळी संशय डबीवर

मागच्या नोंदीत मी मोठ्या खात्रीने लिहिले होते की, जोराच्या पावसानंतर दोन दिवस नदीत पोहायला उतरलो नाही तर कानाचा त्रास थांबेल. तो नियम काटेकोरपणे पाळूनही मंगळवारी रात्री उजवा कान ठणकू लागला. कानाची पाळी हलकेच मागे ओढली तरी कळ जबड्यापर्यंत जात होती, म्हणजे पुन्हा बाह्यकर्णदाहच, कानाच्या बाहेरच्या नळीचा दाह. डॉक्टरांनी कान साफ करून थेंब दिले आणि दहा दिवस पाणी बंद केले. कानातला मळ किंचित आम्लधर्मी असल्यामुळे स्यूडोमोनाससारख्या जिवाणूंना तो रोखून धरतो, आणि पोहून आल्यावर मी कापसाच्या काडीने नेमका तोच खरवडून काढत होतो. काड्या त्याच दिवशी टाकून दिल्या.

यानंतर कानाच्या मापाचे प्लग करून घेण्याचा बेत इथे लिहिणार होतो; पण तारखा पडताळण्यासाठी वही उघडली आणि लक्षात आले की तिन्ही वेळा दुखणे एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ असे दोनदा पोहल्यानंतरच सुरू झाले होते. सकाळचे ओले प्लग बंद डबीत दिवसभर दमट राहत आणि संध्याकाळी तेच पुन्हा कानात जात. त्यामुळे मापाच्या प्लगांचा बेत तूर्त रद्द. आता मऊ सिलिकॉनच्या दोन जोड्या आणि भोके पाडलेली डबी वापरेन. एकावर एक चकत्यांसारखे थर असलेले प्लग कानाच्या आतली त्वचा घासतात, ते मला कधीच पटले नाहीत. पोहून झाल्यावर मान कलती करून पाणी निथळू द्यायचे आणि हेअर ड्रायर मंद आचेवर, हातभर दूर धरायचा. तुमच्यापैकी अनेकांनी सुचवलेले पांढरे व्हिनेगर आणि स्पिरिटचे समभाग थेंब मात्र कानाचा पडदा शाबूत असल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत घालणार नाही. सुजलेल्या कानात तर नाहीच.

पावसाचा नियम कानासाठी पुरला नाही तरी कायम आहे, कारण तो पोटासाठी आणि दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिससाठीही आहे. जखमेतून शिरलेला हा आजार बहुधा 5 ते 14 दिवसांनी तापाने प्रकट होतो, म्हणून ताप आल्यास पोहल्याची तारीख डॉक्टरांना सांगता यावी, यासाठीही वही हवीच.

आनंदाची गोष्ट म्हणजे घरी रंगवलेली 20 सेंटिमीटरची काळी-पांढरी सेक्की तबकडी (पाण्याचा नितळपणा मोजायची) अखेर सरळ बुडू लागली. मधोमध वजन बांधल्यावर ती 110 सेंटिमीटरपर्यंत दिसली. नितळ पाणी निर्जंतुक असतेच असे नाही, पण गढूळपणा ओसरला की नाही हे ती डोळ्यांच्या अंदाजापेक्षा नेमके सांगते. कान बरा होईपर्यंत रोज सकाळी ती काठावरूनच सोडत राहीन.