तुम्ही विचारलंत म्हणून: तात्यांना शाळेत का ठेवलं

"मास्तर, सख्ख्या चुलत्याला त्याच्या आईचं तोंड बघू दिलं नाहीत, का?" लग्नात, मयतीत, एसटीत, कुठंही हे विचारतात. आज एकदाच लिहून टाकतो.

मे २०२०, कोरोनाची साथ, पाटण तालुका, निम्मं गाव मुंबईला माथाडीत, ते दिवस तुम्ही बघितलेत. तात्या मुंबईवरनं आले, मी ग्राम दक्षता समितीत, मीच त्यांना मराठी शाळेच्या खोलीत चौदा दिवस बसवलं. माझ्या चुलत्याला सोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुणाला कोणत्या तोंडानं अडवणार होतो? आणि आजीच सांगायची की प्लेगच्या साली उंदीर पडायला लागले की अख्खं गाव घरं सोडून माळावर झोपड्यांत जायचं, म्हणजे लांब राहणं आपल्याला नवीन नाही.

नवव्या दिवशी पहाटे आजीच गेली. वयानं गेली. अग्नी तात्यांनी द्यायचा, थोरले ते. गेटपाशी येऊन म्हणाले, "बाळा, लांब हुबा ऱ्हातो, कुणाला शिवत न्हाई, पर येऊ दे." तालुक्याला फोन लावला तर "तुमच्या लेव्हलला बघा". वीस माणसांना परवानगी, त्यातली निम्मी साठीच्या पुढची, मी नाही म्हणालो. अग्नी माझ्या वडिलांनी दिला, तात्या शाळेच्या कट्ट्यावरनं धूर बघत होते. दुपारी त्यांनी रेझर मागितला. मी तो गेटखालनं काठीनं आत सरकवला आणि ते नळावर बसून स्वतःचं डोकं स्वतःच भादरायला लागले, आरसा नाही, मागं मानेच्या वर बोटभर केस राहिले, तिथं हात पोचेना, रक्त आलं, परत पाणी घेतलं, परत प्रयत्न केला. मी सहा फुटांवर उभा.

मी इतिहास शिकवतो. पुण्यातला प्लेग, घराघरात शिरणारे गोरे सोल्जर, माणसं उचलून छावणीत, मग २२ जून १८९७ ला रँडवर चापेकरांच्या गोळ्या, हे सगळं मी जोरात शिकवायचो. त्याच वर्षी फेब्रुवारीत केलेला साथरोग कायदा, मूळचा जेमतेम चार कलमांचा, तोच २०२० ला आपल्याला लावला होता. चौथं कलम म्हणतं, चांगल्या हेतूनं काम करणाऱ्यावर दावा करता येत नाही. माझा हेतू चांगलाच होता, आजही छातीवर हात ठेवून सांगतो, आणि मी रँड नव्हतो, दोन वेळचा डबा मी स्वतः नेत होतो. पण त्याच १८९७ साली आपल्या साताऱ्याच्या नायगावच्या सावित्रीबाईंनी मुंढव्याहून प्लेगचं पोर पाठीवर घालून दवाखान्यात आणलं, त्यातच १० मार्चला त्या गेल्या. त्यांनीही पेशंटला घरातनं हलवलंच की. पण पाठीवर घेऊन.

तात्यांना चौदा दिवसांत साधा खोकला आला नाही. मला ते आधी कसं कळणार होतं? आजही ते बोलतात माझ्याशी, चहा सांगतात, त्या दिवसाचं काढत नाहीत.

स्मशानात नेलं नाही, त्याचं उत्तर माझ्याकडं आहे, पटो न पटो. पण मास्क लावून पाच मिनिटं आत जायला आणि मागचे केस काढून द्यायला कुठला नियम आडवा आला होता, ते तुम्ही कुणीच विचारत नाही.