आबांचा उतारा

शनिवार, रात्रीचे साडेदहा

फिजिक्सचं जर्नल समोर उघडं पडलंय. मीटर ब्रिजची आकृती अर्धीच झालीय. गुरुवारी प्रॅक्टिकल आहे, 30 मार्कांचं, आणि जर्नलवर सही हवीच. पण आज झालं ते आधी लिहून ठेवते, नाहीतर उद्या डोक्यात पुन्हा नुसती गणितंच असतील.

आज क्लास बुडवून पप्पांबरोबर गावच्या शाळेत गेले होते. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला जात पडताळणी लागते, त्यासाठी आबांच्या, म्हणजे पप्पांच्या वडिलांच्या, शाळेचा पुरावा हवा होता. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा कागद लागतो. पप्पा शाळेत गेले ते 1984 साली, त्यामुळे त्यांच्या एकट्याच्या दाखल्यावर भागत नाही. व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधतेचं प्रमाणपत्र, वेळेत हातात आलं नाही तर सीट खुल्या प्रवर्गात जाते, मुलींना मिळणारी फीमाफीही धोक्यात येते. गेल्या वर्षी आमच्या कॉलेजातल्या एका ताईचं असंच झालं. मार्क होते, कागद नव्हता. तेव्हापासून पप्पांनी धसका घेतलाय.

अकरावीत वाटायचं, बारावीचं वर्ष म्हणजे अभ्यास. अभ्यास आहेच. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, सीईटीत, गणिताचे 50 प्रश्न 100 मार्कांना, फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100, चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही, हे सगळं पाठ झालंय. कागदांचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. डोमिसाईल झालं. नॉन-क्रिमीलेयर आहे, पण ते 31 मार्चला संपतंय, म्हणजे प्रवेशाच्या वेळी बादच. ते परत काढायचं. मशीन बंद ठेवून पप्पा सेतूत आतापर्यंत चार वेळा जाऊन आलेत. ऐन लग्नसराईत दुकान बंद म्हणजे किती ब्लाऊज मागे पडतात ते मला माहीत आहे. आई रात्री बसून हुक लावते.

शनिवारची शाळा सकाळची, म्हणून आम्ही साडेसातच्या एसटीने निघालो. माझा मोफत पास आहे, पण तो बारावीपर्यंतच. मार्चनंतर मलाही अर्धं तिकीट काढावं लागेल हे आज कंडक्टरसमोर पास धरताना पहिल्यांदा जाणवलं.

मुख्याध्यापक बाईंनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं. लाल फडक्यात बांधलेलं. पानांच्या कडा नुसत्या हात लावला तरी तुटत होत्या, शाई तपकिरी पडलेली. बाई लाकडी पट्टी एकेका ओळीखाली धरून खाली सरकत होत्या. पप्पा तर वाकून उभेच होते. मी जन्मतारखा बघत होते. अर्ध्याअधिक पोरांची 1 जून. घरच्यांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी तीच टाकायचे, बाई म्हणाल्या. आबांचीही 1 जून 1951.

आणि मग सापडलं. आबांचं पूर्ण नाव, पुढे जात, स्पष्ट अक्षरात. पप्पांनी एवढा मोठा श्वास सोडला की बाई हसल्या. काम झालं होतं. पण माझी नजर त्याच ओळीत पुढे गेली. शाळा सोडली 1962. इयत्ता चौथी. प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण: घरकाम.

आबांना वाचता येतं, पेपर रोज वाचतात. चौथीत शाळा सुटली एवढंच माहीत होतं, पण ते अभ्यासात चांगले होते हे घरात कधी कुणी बोललंच नाही. मी त्या 'चांगली' शब्दाकडेच बघत राहिले. कुणीतरी गुरुजींनी दौतीत टाक बुडवून ते लिहिलं होतं आणि एवढी वर्षं ते त्या फडक्यात बांधून पडलं होतं.

बाईंनी उतारा लिहून सही-शिक्का मारून दिला. येताना पप्पा कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजचंच बोलत होते. सरकारी कॉलेज आहे, 1960 पासूनचं आहे, घर जवळ आहे. मला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, सीओईपीत जायचंय, इलेक्ट्रॉनिक्सला. आज वाद घातला नाही. आधी पर्सेंटाईल तर येऊ दे.

घरी आल्यावर आबांना उतारा दाखवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ वाचला. मग 'घरकाम'वर बोट ठेवून म्हणाले, "घरकाम कुठलं गं. रहिमतपूरला चुलत्याच्या दुकानात काजं करायला धाडलं मला. पहिल्या दिवशी सुई बोटात घुसली, तरी रडलो नाही. रडलो ते घंटा ऐकल्यावर. दुकानाच्या मागंच शाळा होती तिथली."

मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, "आबा, प्रगती चांगली लिहिलीय तुमची."

"कुठं?"

दाखवलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "पाढे यायचे मला. तिशीपर्यंत," म्हणाले. आणि म्हणायला लागले. एकोणतीसचा पाढा. एकोणतीस चोक एकशे सोळा, पुढे एकशे पंचेचाळीस, कुठे अडले नाहीत. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. पप्पांनी मशीनवरचा पाय थांबवला.

उतारा समितीकडे जमा करायचाय म्हणून पप्पांनी संध्याकाळी त्याच्या तीन झेरॉक्स काढून आणल्या. दोन फाईलला लावल्या. तिसरी आबांनी मागून घेतली, चार घड्या घातल्या आणि कोपरीच्या खिशात ठेवली.

अकरा वाजून गेले. आकृती तशीच आहे.