रात्री गेलेला आणि सकाळी परतलेला रंग

केस रंगवून घ्यायला येणाऱ्यांपेक्षा लावलेला रंग काढून घ्यायला येणाऱ्यांचे काम मला नेहमीच अधिक अवघड वाटत आले आहे. रंगवताना समोर काय आहे ते दिसत असते. काढताना मात्र त्या केसांवर आधी काय काय होऊन गेले आहे, ते विचारून, चाचपून आणि बऱ्याचदा ताडूनच शोधावे लागते. अशा कामांपैकी एक प्रकरण माझ्या चांगले लक्षात राहिले आहे, कारण त्यात रंग खरोखरच गेला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला होता.

सलोन उघडण्याच्या वेळी एक तरुणी डोक्याला रुमाल गुंडाळून दाराशी उभी होती. चार दिवसांनी तिला नव्या नोकरीवर रुजू व्हायचे होते आणि तेथे केसांचा रंग नैसर्गिक दिसणारा असावा, असा नियम होता. रुमाल सोडल्यावर दिसलेले दृश्य असे : मुळांपासून निम्म्या लांबीपर्यंत काळपट झाक असलेला गडद लाल आणि तेथून शेंड्यांपर्यंत ठिकठिकाणी विटलेला मोरपंखी. आदल्या संध्याकाळी तिने बाजारात मिळणारे कलर रिमूव्हर आणून घरीच वापरले होते. त्याने लाल रंग उतरून तेथे फिकट तांबूस रंग आला, म्हणून ती निर्धास्त झोपली; सकाळी आरशात पाहते तर लाल जवळजवळ होता तसा. "ताई, मी स्वप्नात धुतले की काय असं वाटायला लागलंय," असे ती म्हणाली. दाखवायला तिने रात्री काढलेला फोटो आणला होता, आणि त्यात केस खरोखरच तांबूस दिसत होते. रिमूव्हर बनावट निघाले, अशी तिची खात्री झाली होती.

तिच्याजवळ एक पिशवीही होती. रिमूव्हर फसले तर पुढे करायचे म्हणून मैत्रिणींच्या सल्ल्याने जमवलेला ऐवज तिच्यात होता : कोंड्याचा शाम्पू, भांडी घासण्याचा द्रव साबण, खाण्याचा सोडा, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि सर्वांत खाली कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचची बाटली. ती बाटली मी आधी बाजूला काढून ठेवली. "ब्लीच म्हणजे ब्लीचच ना?" हा तिचा प्रश्न भाबडा असला, तरी तो मला अनेकांनी विचारलेला आहे. केसांसाठी वापरतात ती पर्सल्फेटची पूड असते आणि ती हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कालवतात. कपड्यांचे ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे तीव्र अल्कधर्मी द्रावण. केस ज्या केराटिन प्रथिनाचे बनलेले असतात ते प्रथिनच त्यात विरघळते, आणि तुंबलेल्या मोरीतले केस त्याने मोकळे होतात ते याच कारणाने. त्यात आम्ल मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो आणि अमोनिया मिसळला तर क्लोरामाइनचा विषारी धूर होतो. केसांच्या रंगात अमोनिया असणे ही सामान्य गोष्ट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे अधिक काही सांगावे लागत नाही.

त्यानंतर मी तिला केसांचा इतिहास विचारायला सुरुवात केली. आधी ती "एकदाच रंगवले होते" असे म्हणाली. पुढे आठवत आठवत निघाले ते असे की, काही महिन्यांपूर्वी खालचे निम्मे केस ब्लीच करून त्यांवर मोरपंखी रंग लावला होता. तो विटू लागला तेव्हा पेटीतला लाल रंग आणून वरच्या भागाला लावला, आणि त्याचे ओघळ खालीही आले. दोन्ही रंग "घरीच, मैत्रिणीने" लावले होते. लाल रंगाच्या पेटीत दोन बाटल्या एकत्र मिसळायच्या होत्या का, असे विचारल्यावर ती "हो" म्हणाली. मोरपंखी रंग मात्र डबीतून काढून सरळ ब्रशने लावला होता. एवढ्या उत्तरावरून माझे अर्धे काम झाले. उरलेल्या अर्ध्यासाठी मी पांढरा टॉवेल गरम पाण्यात पिळला आणि त्यात एकेक बट धरून दाबली. मोरपंखी बटेने टॉवेलवर निळसर हिरवा डाग सोडला. लाल बटेचा डाग जेमतेम दिसेल इतका पुसट होता.

दोन बाटल्यांचा रंग आणि डबीतला रंग हे वेगवेगळ्या जातीचे असतात. पहिल्या जातीत रंग मुळात तयार नसतोच. पॅरा-फेनिलीनडायअमाइनसारखे लहान, रंगहीन रेणू केसाच्या पृष्ठभागावरच्या, अमोनियाने सैल झालेल्या सूक्ष्म खवल्यांमधून केसाच्या आत शिरतात आणि पेरॉक्साइडने त्यांचे ऑक्सिडीकरण झाले की ते एकमेकांना जोडून मोठे, रंगीत रेणू बनतात, जे मग सहजासहजी बाहेर पडू शकत नाहीत. पॅरिसमध्ये यूजीन श्यूलेर या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये केशभूषाकारांना रंग विकण्यास सुरुवात केली, तेव्हापासून आजपर्यंत कायमस्वरूपी रंगाचे मूळ तत्त्व फारसे बदललेले नाही. दुसऱ्या जातीतला रंग डबीतच रंगीत असतो. त्याला पेरॉक्साइड लागत नाही. त्यातले बरेचसे रेणू धनप्रभारित असतात आणि ब्लीच केलेल्या, म्हणजेच ऋणप्रभार वाढलेल्या केसाला ते चिकटून राहतात. धडधाकट केसावर असा रंग थोड्याच धुण्यांत उतरतो. पण ब्लीचने सच्छिद्र झालेल्या केसात तो खोलवर जाऊन बसतो आणि निळा-हिरवा तर विशेषच चिवटपणे बसतो. जाहिरातीत "तात्पुरता" म्हणून विकला जाणारा रंग काढायला कायमच्या रंगापेक्षा जास्त त्रास देतो, ही आमच्या धंद्यातली गंमत बाहेरच्यांना पटवून देणे सोपे नाही.

रिमूव्हर बनावट नव्हते. उलट त्याने आपले काम चोख केले होते, फक्त ते पुरे होऊ दिले गेले नव्हते. अशा रिमूव्हरमध्ये क्षपण, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया, करणारी गंधकयुक्त संयुगे असतात. ती पहिल्या जातीच्या रंगाचे रेणू रंगहीन करतात. पण रंगहीन झाले म्हणजे ते केसातून निघून गेले असे होत नाही. ते भरपूर पाण्याने आणि शाम्पूने बाहेर काढावे लागतात. राहून गेले तर हवेतल्या ऑक्सिजनने त्यांचे पुन्हा ऑक्सिडीकरण होते आणि रंग पुन्हा दिसू लागतो. तिला मी विचारले, किती वेळ धुतलेस? रिमूव्हरला सडक्या अंड्यासारखा वास येत होता आणि तो सहन होईना, म्हणून दोन-तीन मिनिटांत आटोपले, असे तिने सांगितले. पेटीतल्या माहितीपत्रकावर कितीतरी अधिक वेळ धुण्याची सूचना ठळक अक्षरांत छापली होती. मोरपंखी रंगावर रिमूव्हरचा काहीच परिणाम दिसला नव्हता, कारण ते त्या जातीच्या रंगासाठी बनवलेलेच नसते.

सगळे केस सरळ ब्लीच करून मोकळे करा, अशी तिची विनंती होती. उत्तर देण्याआधी मी तिच्या शेंड्याकडचा एक ओला केस दोन चिमटींत धरून हळूच ताणला. चांगला ओला केस थोडा ताणला जातो आणि सोडल्यावर पूर्ववत होतो. हा चिंगमसारखा लांबत गेला, परत आला नाही आणि तुटला. तिनेही तो पाहिला. अशा केसावर पुन्हा ब्लीच घालणे म्हणजे रंगाबरोबर केसही काढून टाकणे. शिवाय ब्लीचने निळे रंगद्रव्य दर वेळी जातेच असे नाही, कधी कधी ते गढूळ हिरव्या स्वरूपात आणखी घट्ट बसते. ब्लीच करणार नाही, असे मी स्पष्ट सांगितले. तिचा चेहरा उतरला. पण तुटलेला केस अजून माझ्या बोटांत होता, त्यामुळे फार वाद झाला नाही.

वरच्या लाल भागाला मी पुन्हा रिमूव्हर लावले, कारण त्यात अमोनिया किंवा पेरॉक्साइड नसल्याने त्या भागातल्या तुलनेने सशक्त केसांना ते झेपणारे होते. शेंडे कंडिशनर लावून फॉइलमध्ये गुंडाळून ठेवले. लाल उतरल्यावर खरे काम सुरू झाले, ते म्हणजे धुणे. कोमट पाणी, शाम्पू, पुन्हा पाणी, पुन्हा शाम्पू, असे चालू असताना ती खुर्चीत मान मागे टाकून कंटाळली आणि "आता तर झालं ना?" असे विचारू लागली. झाले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी मी मागच्या बाजूची एक बारीक बट वेगळी काढून तिला ३ टक्के पेरॉक्साइड, म्हणजे १० व्हॉल्यूमचे डेव्हलपर, लावून थांबले. काही मिनिटांत तांबूस बट डोळ्यांदेखत गडद होत गेली. रात्री झोपेत जे घडले होते ते तिने आता जागेपणी पाहिले, आणि त्यानंतर धुण्याबद्दल तिने एकही तक्रार केली नाही. पुढच्या खेपेस घेतलेली बट तशीच तांबूस राहिली, तेव्हा मी पाणी बंद केले.

येथे आणखी एक गैरसमज निघाला. रिमूव्हरने कृत्रिम रंग गेला की मूळचे काळे केस परत दिसतील, असे तिला वाटत होते. लाल रंगातल्या पेरॉक्साइडने तिच्या केसांतले मेलॅनिन हे नैसर्गिक रंगद्रव्यही काही प्रमाणात उजळून टाकलेले असते. ते परत आणणारे कोणतेही औषध नाही. त्यामुळे रंग उतरल्यावर उरतो तो तांबूसच. लगेच पेटीतला तपकिरी रंग लावण्याचा तिचा विचारही मी थांबवला, कारण केसात चुकून काही रंगहीन अवशेष राहिलेच असतील तर पेरॉक्साइडने तेही जागे होतात आणि तपकिरीचा काळा होतो. त्याऐवजी मी पेरॉक्साइड नसलेला, राखाडी झाक असलेला फिकट तपकिरी रंग लावला. त्याने तांबूसपणा दबला.

मोरपंखी भाग मात्र सलोनमध्ये एका बैठकीत सोडवण्यासारखा नव्हता आणि तो घरीच, रोज थोडा थोडा, उतरवायचा होता. तिच्या पिशवीतला कोंड्याचा शाम्पू मी ठेवून घ्यायला सांगितले. त्यातल्या सेलेनियम सल्फाइडने रंग विटतो, हे रंगवलेल्या केसांवर तो वापरू नये अशा सूचनेमुळे बहुतेकांना ठाऊकच असते, आणि आपल्याला तर येथे तेच हवे होते. सहन होईल इतक्या गरम पाण्यात केस भिजवून, शाम्पूचा फेस फक्त शेंड्यांवर चढवून, वर शॉवर कॅप घालून थोडा वेळ थांबायचे, धुवायचे, आणि दर वेळी भरपूर कंडिशनर लावायचे, असे मी तिला सांगितले. क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची पूड शाम्पूत कालवून लावण्याच्या उपायाचा गाजावाजा खूप असतो. तो लाल रंगाच्या जातीवर, त्यातही तो रंग नवा असताना, थोडाफार चालतो. मोरपंखीवर तिने फार अपेक्षा ठेवू नये, म्हणून मी तिच्यासमोर एका सुट्या बटेवर लावून दाखवला आणि फरक जेमतेम पडला. सोड्याला मी नकार दिला. त्याच्या द्रावणाचा पीएच ८ च्या वर जातो, म्हणजे ते अल्कधर्मी असते, तर केसाला सौम्य आम्ल मानवते, आणि आधीच उघडे पडलेले खवले आणखी उघडून त्या शेंड्यांचे काही भले होणार नव्हते. भांड्यांचा साबण भांड्यांसाठी ठेवावा, एवढेच मी म्हटले. उशीला जुना अभ्रा घालण्याची आठवणही केली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा आली. मोरपंखीचा निळेपणा बराच ओसरला होता. ब्लीचच्या पिवळ्या पायावर उरलेल्या निळ्याने शेंडे फिकट, शेवाळी हिरवे दिसत होते. याहून अधिक धुण्यात अर्थ नव्हता, कारण ओल्या शेंड्यांचा खरखरीतपणा बोटांना जाणवत होता. हिरव्याचा विरोधी रंग लाल, म्हणून पांढऱ्या कंडिशनरमध्ये पेरॉक्साइडविरहित लाल रंगाचा अगदी थोडा अंश मिसळून गुलाबी दिसेल असे मिश्रण केले आणि आधी एका बटेवर लावून पाहिले. लाल जास्त झाला असता तर आपण जेथून निघालो तेथेच पोहोचलो असतो. ती बट मळकट तपकिरी झाली. ही छटा कोणी मुद्दाम मागून घेणार नाही; पण अंबाड्यात गुंडाळल्यावर ती वरच्या तपकिरीत बेमालूम मिसळली, आणि तिला तेवढेच हवे होते.

नोकरीवर ती ठरलेल्या दिवशी रुजू झाली. त्यानंतर काही आठवड्यांनी ती केस कापायला आली तेव्हा शेंड्यांवर हिरवी झाक अजून थोडी शिल्लक होती आणि कार्यालयात कोणाच्या लक्षात आली नव्हती. लांब सुट्टीत जांभळा रंग लावता येईल का, असे तिने विचारले. लावण्याच्या ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला रंगाची चाचणी घ्यायची आणि जांभळ्याआधी ब्लीच केलेला सगळा भाग कापून टाकायचा, अशा दोन अटी मी सांगितल्या. पहिली तिने लगेच मान्य केली. दुसरीवर घासाघीस होऊन शेवटी चार बोटे केस कापण्यावर आमचे ठरले.