एक डोळा झाकून काय बघायलात?

परभणीत माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, ब्लाउजपीस, फॉल, पिको. गिऱ्हाईक साडी काउंटरवर टाकतं, मी काठ आणि अंगाचा रंग बघते, डावा डोळा तळहातानं झाकते आणि मग थान काढते. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, "ताई, एक डोळा झाकून काय बघायलात?" डाव्या डोळ्याला रंग नीट कळत नाही म्हटलं की लगेच दुसरा, "डोळा तर चांगलाय की. मग चष्मा का लावत नाहीत?" लग्नसराईत काउंटरवर बायकांची गर्दी असताना याचं उत्तर देणं होत नाही. "बघू, लावू," म्हणते आणि कात्री उचलते. तुम्ही निवांत वेळी विचारलंत, म्हणून सगळं सांगते.

चष्म्याचं काम एवढंच, की बाहेरून आलेला उजेड डोळ्यातल्या पडद्यावर नेमका पाडायचा. माझ्या डाव्या डोळ्यात तो नेमकाच पडतो. भिंग चांगलं, पडदा चांगला. बिघाड आहे पडद्याच्या मागे, डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत. या एका नसेत दहा लाखांहून जास्त तंतू असतात आणि तंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. बोअरला पाणी आहे, मोटार नवी आहे, पण केबलचं रबर जागोजागी सोललंय, तर शेतकरी मोटार बदलत बसत नाही. माझ्या डोळ्याला चष्मा लावणं म्हणजे ती मोटार बदलणं.

आवरण सोलतं कोण, तर माझीच रोगप्रतिकारशक्ती. आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, दवाखान्यात सगळे एमएस म्हणतात. तो मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार आहे. मग डोळ्यात कसा आला, असं माझ्या सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं होतं, आणि प्रश्न बिनतोड होता. उत्तर असं, की डोळ्याची नस ही हातापायांच्या नसांच्या जातीची नाहीच, ती मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. तिच्यावरचं मायलिन मेंदूतल्यासारखंच असतं. म्हणून पुष्कळ लोकांना एमएसची पहिली खबर डोळ्यातून मिळते. बहुतेक वीस ते चाळीस-पंचेचाळीसच्या वयात, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त.

माझी सुरुवात दुखण्यानं झाली. डोळा इकडून तिकडे फिरवला की आत खोल कळ यायची. लाली नाही, पाणी नाही, चिपडं नाही. मग दोन-तीन दिवसांत समोरचा मधला भाग धुरकटत गेला. माणसाचे कान आणि खांदे दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. चष्म्याच्या दुकानात एकामागून एक काचा घालून बघितल्या. "आता बरं दिसतं का? आता?" एकाही काचेनं फरक पडला नाही. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. काही दिवसांत नजर उतरली, डोळा फिरवताना दुखतं आणि कुठलीच काच लागू पडत नाही, तर चष्मेवाल्याकडे वेळ घालवायचा नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

डॉक्टरांनी यंत्राच्याही आधी साधी बॅटरी घेतली. उजव्या डोळ्यावर उजेड मारला की दोन्ही बाहुल्या आकसायच्या. तोच उजेड चटकन डाव्यावर नेला की आकसायच्या सोडून मोठ्या व्हायच्या. डाव्या नसेतून मेंदूला उजेडाची बातमीच कमी जात होती. मग बाहुली मोठी करायच्या थेंबांच्या बाटलीचं लाल टोपण त्यांनी दोन्ही डोळ्यांपुढे आळीपाळीनं धरलं. उजव्याला कुंकू, डाव्याला विटकरी. एरवी असा फरक सांगायचे मी पैसे घेते. डोळ्याच्या आत बघितलं तर सगळं ठीक. नस सुजायच्या या दुखण्यात तीनातल्या दोघांचं असंच असतं, सूज डोळ्याच्या मागे असते आणि समोरून काही दिसत नाही.

टीबीच्या गोळ्या चालू आहेत का, हेही त्यांनी विचारलं. त्यातल्या इथॅम्ब्युटॉल नावाच्या औषधानंही ही नस खराब होऊ शकते, पण ती बहुधा दोन्ही डोळ्यांची आणि दुखल्याशिवाय. आपल्याकडे टीबी घरोघर, त्यामुळे प्रश्न रास्त होता. पुढे संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे एमआरआय झाला. रक्त वेगळ्या अँटीबॉडीसाठी पाठवलं. एनएमओ आणि मॉग अशी दोन जवळची दुखणी आहेत, त्यातही हीच नस सुजते. एमएसची काही औषधं एनएमओच्या माणसाला उलट बाधतात. ही तपासणी महाग वाटते, पण औषध चुकलं तर त्याहून महाग पडतं.

सूज उतरवायला डॉक्टरांनी स्टेरॉइड सांगितलं. त्याचं नाव काढलं की आमच्या गल्लीत सगळे डॉक्टर होतात. त्यांना सांगायला एक गोष्ट मी पाठ करून ठेवली आहे. अमेरिकेत डोळ्याची नस सुजलेल्या साडेचारशेच्या वर रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 1992 मध्ये आले. सलाईनमधून तीन दिवस जोरदार स्टेरॉइड दिलं तर नजर लवकर परतते. पण सहा महिन्यांनी बघितलं तर न घेतलेल्यांची नजरही जवळपास तेवढीच आलेली असते. आणि नुसत्या साध्या डोसच्या स्टेरॉइड गोळ्या घेतलेल्यांना दुखणं पुन्हा उलटायचं प्रमाण जास्त निघालं. म्हणून मेडिकलवरून कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणून खाणं, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. त्याच लोकांवर पंधरा वर्षं नजर ठेवली तेव्हा निम्म्यांना पुढे एमएस झालेला आढळला. सुरुवातीच्या एमआरआयमध्ये मेंदूत एकही डाग नव्हता त्यांच्यात हे प्रमाण 25 टक्के, डाग होते त्यांच्यात 72 टक्के. माझ्या एमआरआयमध्ये डाग होते.

सलाईन घेतलं, तोंडाला लोखंडाची चव आली, रात्ररात्र झोप नाही. दुखणं आधी थांबलं, नजर हळूहळू वर्षभर येत राहिली. आता भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं मी डाव्या डोळ्यानं जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. आणि इथेच लोकांचा घोळ होतो. अक्षरं वाचली म्हणजे दिसलं, असं त्यांना वाटतं. तक्त्यावर पांढऱ्याशुभ्रावर काळंकुट्ट अक्षर असतं, तेही जागेवर उभं. बाजारात तसं काही नसतं. डाव्या डोळ्यानं बघितलं तर डाळिंबी आणि मरून मला वेगळे करता येत नाहीत, राणी उतरलेला दिसतो, संध्याकाळी करड्या साडीवरची करडी बुट्टी गायब होते. म्हणून तो डोळा झाकायचा. उजवा चोख आहे.

दुसरी गंमत वेळेची. खराब नसेतून निरोप उशिरा पोचतो. डोक्याला तारा लावून समोर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी बदलत ठेवतात आणि मेंदूत निरोप कधी पोचला ते मोजतात. चांगल्या डोळ्याचा सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात पोचतो, माझ्या डाव्याचा त्यानंतर. दोन डोळ्यांचे निरोप मागेपुढे आले की आडवी हलणारी वस्तू जवळ-लांबही होताना वाटते. काउंटरला दोरीनं कात्री टांगलेली आहे, ती डावी-उजवीकडे झुलली की मला गोल फिरताना दिसते. जर्मनीच्या कार्ल पुल्फ्रिच यांनी 1922 मध्ये हा प्रकार समजावून सांगितला, आणि ते स्वतः एका डोळ्यानं आंधळे होते, म्हणजे त्यांना तो कधी दिसणारच नव्हता! कात्रीचं ठीक आहे. पण रस्ता ओलांडताना आडवी जाणारी रिक्षा नेमकी किती लांब आहे याचा अंदाज चुकतो, तेव्हा मी कुणातरी बाईच्या पदराआड उभी राहते आणि ती निघाली की निघते.

चष्म्याचं खरं उत्तर इथे आहे. काही लोकांना यावर खरंच चष्मा देतात, पण काळपट काच लावतात ती चांगल्या डोळ्यावर. चांगल्याला जरा अंधार केला की त्याचाही निरोप मंदावतो आणि दोघांची वेळ जुळते. मला डॉक्टरांनी सुचवलं होतं. पण मॅचिंगचं दुकान चालवणाऱ्या बाईनं आपला एकुलता एक भरवशाचा डोळा काळा करून घ्यायचा? नको म्हटलं.

राहिलं ऊन. दुपारी मी दिसत नाही म्हणून कुणी म्हणतं बाईसाहेबांना एसीची सवय लागली. डाव्या डोळ्याची नजर अंग तापलं की उतरते. जर्मन डॉक्टर विल्हेल्म उथॉफ यांनी 1890 मध्ये हे नोंदवलं, श्रम केल्यावर त्यांच्या रुग्णांना धूसर दिसायचं. आवरण गेलेल्या टप्प्यावरून निरोप कसाबसा पार होत असतो. शरीर अर्धा अंश जरी तापलं तरी निरोप नेणारा विजेचा ठोका आखूड होतो आणि मध्येच विरतो. एमआरआय नव्हता तेव्हा डॉक्टर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून बघायचे. परभणीच्या मे महिन्यात टबाचा खर्च वाचला असता. इथे पारा 42-43 ला जातो, आणि लग्नाच्या तिथीही तेव्हाच. वरच्या माळ्यावरून अस्तराची थानं उतरवली की डाव्या डोळ्यापुढचं दुकान फिकं पडतं. कूलरसमोर मानेवर ओला पंचा टाकून बसले की थोड्या वेळात रंग परत येतात. थंडीत, कृषी विद्यापीठातला पारा उतरल्याची बातमी पेपरात येते, सगळं गाव कुडकुडत असतं, तेव्हा माझी नजर वर्षातली सगळ्यात चांगली असते.

ऊन लागून गेलेली नजर म्हणजे आजाराचा नवा झटका नव्हे, नसेचं नवीन नुकसान त्यात होत नाही. हे कळेपर्यंत दर उन्हाळ्यात घरात रडारड व्हायची. नवी तक्रार, ताप नसताना, चोवीस तासांहून जास्त टिकली तर मी डॉक्टरांना फोन करते. नाहीतर माठातलं पाणी पिऊन बसते.

दोन छोट्या गोष्टी, कारण त्याही विचारल्या जातात. मुलीला होईल का? आई किंवा बाप एकाला एमएस असला तर अशा शंभर मुलांत दोन-तिघांना होतो, म्हणजे बाकीच्यांना होत नाही. तिच्या लग्नाच्या बैठकीत हा विषय काढणाऱ्यांना मी हाच आकडा सांगणार आहे. आणि अपंगत्वाचा दाखला: 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात एमएसचं नाव आहे. पण नोकरीतल्या आरक्षणासारख्या गोष्टींना 40 टक्के लागतात, आणि तक्ता वाचणाऱ्या डोळ्याला टक्के कोण देणार? कात्री गोल फिरते याचा रकाना फॉर्मवर नाही.

तर मे महिन्यात दुकान सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेसहानंतर उघडं असतं. साडी सोबत आणा. मोबाईलमधल्या फोटोवरून अस्तर काढून द्या म्हणणाऱ्यांना मी दोन्ही डोळ्यांनी नाही म्हणते.