बारा आजे

रविवार, रात्रीचे साडेबारा

झोप उडाली ती उडालीच. दोष 'मिगुंग'चा. मिगुंग म्हणजे भुलभुलैया. कोरियाच्या ह्वांग ब्युंग-की यांची १९७५ सालची रचना. कायागम हे मांडीवर आडवं घेऊन छेडायचं बारा तारांचं वाद्य, पण त्यांनी त्यावर सेलोचा गज फिरवलाय, ढोलाच्या काडीने तारा बडवल्यात. आणि सोबत एका बाईचा आवाज. गाणं नव्हेच ते. ती हसते, हुंदके देते, कण्हते, मधेच पेपरातली बातमी वाचते. सोलमधल्या पहिल्या प्रयोगाला म्हणे एक बाई किंचाळत बाहेर पळाली. पुढे तिकडच्या पोरांनी आवई उठवली, तीनदा ऐकलं की माणूस मरतो. माझं दोनदा ऐकून झालंय. तिसऱ्यांदा सकाळी, उजेडात.

आवाज नर्तकी होंग सिन-चाचा. ही १९६६ मध्ये न्यूयॉर्कला गेली ती हॉटेल मॅनेजमेंट शिकायला. नाच सुरू केला तेव्हा पंचविशी उलटलेली. आपल्याकडे त्या वयात क्लासच्या दारात उभं राहिलं तर बाई विचारतात, "मुलीचं नाव काय?"

तिच्याबद्दल वाचताना मला आमचं तिकडचं मंडळ आठवलं. सहा वर्षं अमेरिकेत होते. दर गणपतीला तेच, "ताई, नऊवारीतलं काहीतरी बसवा ना." मी शिकले कथक, तेही पुण्यात, अकरा वर्षं. लावणी येत नाही म्हटलं की समोरच्यांचे चेहरे उतरायचे. तिसऱ्या वर्षी हरले. व्हिडिओ बघून लावणी बसवली, शिट्ट्या पडल्या. घरी येऊन नऊवारी सोडताना वाटलं, ही कोणाची आहे, तिला परत करून यावी.

त्याच १९७५ साली सान फ्रान्सिस्कोत थेरेसा हाक क्युंग चा ही पोरगी एका कलाप्रयोगात डोळ्यांवर आणि तोंडावर पांढऱ्या पट्ट्या बांधून उभी राहिली. डोळ्यांवरच्या पट्टीवर फ्रेंचमध्ये 'आवाज', तोंडावरच्या पट्टीवर 'आंधळा'. जन्म बुसानचा, अकरा-बारा वर्षांची असताना घरच्यांबरोबर अमेरिकेत आलेली. आईवडील मांचुरियात वाढलेले, जपान्यांच्या अमलात, जिथे आपली भाषा बोलायची चोरी. मुलीच्या पदरी मग कोरियन, इंग्रजी, फ्रेंच, आणि तोंडाला पट्टी. एकतिसाव्या वर्षी तिचा खून झाला. त्यावर लिहायला आत्ता बळ नाही.

एकीने तोंड बांधून घेतलं, दुसरीने पार मोकळं सोडलं. पण रंगीत हानबोक, म्हणजे तिकडचा पारंपरिक पोशाख, घालून, पंखे फिरवून 'आम्ही कुठल्या' हे दोघींनीही सांगितलं नाही. मला हेवा वाटला, खरं सांगते.

मिगुंगच्या शेवटी ती बाई काहीतरी पुटपुटते. आजे आजे, बारा आजे... मी दचकले. कोणाचे बारा आजे? मग शोधलं तर निघालं, गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा. बौद्धांचा प्रज्ञापारमितेचा मंत्र, चीनमार्गे कोरियात जाऊन असा गुळगुळीत झालेला. शब्द इथलेच, आणि मला त्यात आजोबा ऐकू आले!

आणखी एक. मिगुंगनंतर पुढच्याच वर्षी होंग सिन-चा भारतात आली, पुण्यात, रजनीशांच्या आश्रमात. मुंबईत खेतवाडीच्या माळ्यावर अद्वैत सांगणाऱ्या निसर्गदत्त महाराजांसमोरही बसली. महाराज मराठीत बोलायचे, परदेशी मंडळींसाठी दुभाषा असायचा. दुभाषा तोंड उघडेपर्यंतच्या त्या मधल्या क्षणात तिला काय ऐकू येत असेल?

एवढ्यात आई उठून आली. "कोण रडतंय गं?"

"रडत नाहीये, हसतेय ती. तू सत्तर-बाहत्तरला... नाही, सत्त्याहत्तरला कोरेगाव पार्कातून जायचीस ना?"

"सायकलवरून. भगव्या कफन्या घालून फिरायचे नुसते."

"त्यात कोणी कोरियन बाई होती?"

"काय माहीत बाई. सगळे फॉरेनरच. तू ते बंद कर आणि झोप."