तुम्ही विचारलंत म्हणून: कोलकात्यातले चिनी लोक घरात कुठली भाषा बोलतात?

टांग्र्यात, म्हणजे कोलकात्यातल्या चिनी वस्तीत, जेवून आलेली मराठी मंडळी मला बहुतेक वेळा हाच प्रश्न विचारतात. "गल्ल्यावरच्या बाई आमच्याशी हिंदीत बोलल्या, शेजारच्या टेबलाशी बंगालीत बोलल्या. घरी गेल्यावर मग चिनीच बोलत असतील ना?"

याला नुसतं 'हो' म्हणणं बरोबर नाही. कारण 'चिनी' नावाची एकच एक भाषा कोलकात्यातल्या या घरांमध्ये कधी नव्हतीच. कुणाच्या घरी हक्का, कुणाच्या घरी कँटनीज, थोड्या घरांत चीनच्या हुपेइ प्रांताकडची बोली. एकाची बोली दुसऱ्याला आपोआप समजत नाही. 'जेवणे' हे साधं क्रियापद घ्या. शाळेत शिकवतात त्या मँडरिनमध्ये ते 'च्र फान', कँटनीजमध्ये 'सिक फान' आणि हक्कात 'सित फान'च्या जवळपास.

'हक्का' हा शब्द आपल्याकडे तालुक्याच्या गावातल्या गाडीवरही रंगवलेला असतो, पण नूडल्सच्या आधी. प्रत्यक्षात ते एका समाजाचं आणि त्याच्या भाषेचं नाव आहे. शब्दाचा अर्थ 'पाहुणी कुटुंबं'. उत्तरेकडून सरकत सरकत दक्षिण चीनमध्ये आलेल्यांना आधीच्या रहिवाशांनी दिलेलं हे नाव. कोलकात्यातले हक्का मुख्यतः ग्वांगदोंग प्रांतातल्या मेइशियान भागातले. त्या भागाला ते स्वतः 'मोयान' म्हणतात.

नवा आलेला माणूस ज्याची बोली कळते त्याच्याच दारात उतरणार, त्याच्याच हाताखाली काम शिकणार. त्यामुळे बोलीप्रमाणे धंदे वाटले गेले. कँटनीज लोक सुतारकामात आणि गोदीत, हक्का चामड्यात आणि बुटांत, हुपेइवाले दातांच्या दवाखान्यात. आडनाव आणि धंदा कळला की मूळ गावाचा अंदाज जुने लोक सहज बांधत.

आता टांग्र्यातल्या हक्कांची हिंदी इतकी सफाईदार कशी, तेही सांगते. टांग्रा ही चामडं कमावणाऱ्यांची वस्ती. चामड्याला हात लावायला सवर्ण समाज तयार नव्हता, म्हणून हा धंदा बाहेरून आलेल्यांना मिळाला. मालक हक्का, मजूर मोठ्या संख्येने बिहारमधून आलेले, कच्ची कातडी पुरवणारे व्यापारी बहुतेक मुसलमान. या सगळ्यांना जोडणारी भाषा हिंदी. आणि हे काम मोडक्यातोडक्या भाषेत होण्यासारखं नाही. मिठातली कातडी आधी भिजवायची, चुन्याच्या हौदात केस सोडवायचे, आतलं मांस खरवडायचं, मग चुना काढून आम्लाच्या पाण्यात घालायची. त्यानंतर फिरत्या लाकडी ढोलात १०० किलो ओल्या कातडीला साधारण ६ ते ८ किलो क्रोमचं मीठ. काही तासांनी ते आतवर मुरलं की खाण्याचा सोडा पाण्यात कालवून तीन-चार वेळा थोडा थोडा, मध्ये वेळ सोडून घालायचा. घाईने एकदम ओतला तर क्रोम वरच्यावर धरतं, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि मधला थर कच्चा राहतो. शेवटी एक पट्टी कापून दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात धरायची. आकसली तर माल पुन्हा ढोलात. 'थोडा', 'थांब', 'आता' या तीन शब्दांत गोंधळ झाला तर अख्खा घाणा वाया जातो. म्हणून मालकाच्या मुलांनाही हिंदी लहानपणापासून अंगवळणी पडली.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला. बानतोलाला नवं संकुल झालं, आणि टांग्र्यातल्या अनेक कारखान्यांच्या जागी हॉटेलं उभी राहिली. मग बंगाली गिऱ्हाईक आलं आणि त्याच्याबरोबर बंगालीही वाढली.

"पण मग सगळ्यांना बांधणारं काय?" असा पुढचा प्रश्न येतो. बोली वेगळ्या असल्या तरी लिपी एक. आपल्या देवनागरीशी तुलना करू नका, ती उच्चार सांगते. चिनी अक्षरं आकड्यांसारखी असतात. '5' हे चिन्ह मराठी माणूस 'पाच' वाचतो, बंगाली माणूस 'पाँच', तेलुगू माणूस 'ऐदु'. अर्थ मात्र तोच. तशी देवळाच्या दारावरची उभी अक्षरं हक्का माणूस हक्कात वाचतो, कँटनीज माणूस कँटनीजमध्ये.

या देवळांना कोलकात्यात सरसकट 'चर्च' म्हणतात, ख्रिस्ती धर्माशी काही संबंध नसताना. टिरेटा बाजार या जुन्या चिनी वस्तीच्या गल्ल्यांत अशी अनेक आहेत, आणि बरीचशी एकेका गावाच्या लोकांच्या मंडळाने बांधलेली. त्यांतल्या एकाचं नाव 'सी इप', म्हणजे 'चार तालुके': तोइसान, होइपिंग, सुनवुइ आणि यानपिंग. मुंबईत माझगावच्या नवाब टँक रोडवर १९१९ सालचं 'सी यप कून' मंदिर आहे, त्याच्या नावातले चार तालुके हेच. मंडळाचं काम पूजेपुरतं नसायचं. नव्या माणसाला झोपायला जागा, आजाऱ्याला मदत, मेलेल्याला आपल्या माणसांत दफन, हे सगळं तिथूनच व्हायचं. देवाला कौल लावायची पद्धतही पाहण्यासारखी आहे. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकतात. एक सपाट बाजूने वर, दुसरा फुगीर बाजूने वर पडला तर 'होय'. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर 'नाही'. दोन्ही सपाट आल्या तर देव हसला, प्रश्न नीट विचार. आणि तो प्रश्न आपापल्या बोलीतच विचारला जातो.

नावांचा घोळ मात्र लिपीने सुटत नाही, उलट वाढतो. एकच आडनाव मँडरिनमध्ये 'चेन', कँटनीजमध्ये 'चान', हक्कात 'चिन'. दुसरं एक आडनाव अनुक्रमे 'जांग', 'च्युंग', 'चोंग'. कचेरीतला कारकून कानाला आलं तसं रोमन अक्षरांत उतरवणार, म्हणून सख्ख्या भावांच्या कागदांवर वेगळी आडनावं सापडू शकतात. शिवाय चिनी नावात आडनाव आधी येतं. अर्जात ते पहिल्या रकान्यात गेलं की आडनावाचं नाव होतं आणि नावाचं शेपूट आडनाव होऊन पुढच्या पिढीला चिकटतं. असे कागद जुळवायचे तर मूळ अक्षरं जिथे लिहिलेली आहेत, म्हणजे थडग्याचा दगड किंवा मंडळाची वही, तिथे जावं लागतं.

घरातली भाषा सगळ्यात जास्त टिकते ती नात्यांच्या नावांत, आणि झिजतेही तिथेच. आपल्याकडे काकू, मामी, मावशी, आत्या वेगळ्या, तसंच त्यांच्याकडे. शिवाय वडिलांचा भाऊ त्यांच्याहून मोठा की धाकटा, यावरूनही शब्द बदलतो. हक्कात 'आ-फो' म्हणजे वडिलांची आई. कँटनीजमध्ये 'फो-फो' म्हणजे आईची आई. हक्का-कँटनीज लग्न झालेल्या घरात नातवंडाने 'फो' म्हटलं की कुठल्या आजीने ओ द्यायची? पुढे इंग्रजी शाळेत सगळ्याच 'आंटी' होतात. हे दुःख आपल्याला समजावून सांगायला नको.

ही झीज आपोआप झालेली नाही. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. त्यातले कितीतरी आसाम आणि ईशान्येतले, इथेच जन्मलेले. कोलकात्यातल्यांना पोलिसांत नोंदणी करावी लागे आणि प्रवासालाही परवानगी घ्यावी लागे. अशा दिवसांत मुलाला चिनी शाळेत घालायला कोण धजणार? शाळांचे वर्ग रिकामे होत गेले. ज्यांना जमलं ते देश सोडून गेले. मला हा भाग सांगताना नेहमी वाईट वाटतं, पण तो वगळून भाषेबद्दल बोलणं खोटं ठरेल.

आज सत्तरीतली माणसं घरात हक्का बोलतात, चाळिशीतली ऐकून समजतात आणि उत्तर इंग्रजी-हिंदीत देतात. तरुण कुणी मँडरिन शिकलं तर नोकरीसाठी, आणि ती आजीला परकीच.

तुम्ही टिरेटा बाजारला जाणार असाल तर रविवारी सकाळी सहाला पोहोचा, पोद्दार कोर्ट या इमारतीमागच्या सन यात-सेन स्ट्रीटवर. बाओ (सारण भरून वाफवलेले पाव) आणि माशाच्या गोळ्यांचं सूप आठ-साडेआठपर्यंत संपत आलेलं असतं. तिथे एखाद्या आजोबांना "चिनी येतं का?" असं विचारू नका. "तुमचं मूळ गाव कुठलं?" असं विचारा. हिंदीत विचारलं तरी चालतं. उत्तरात चीन हा शब्द बहुधा येणार नाही, गावाचं नाव येईल, आणि ते गावच्या उच्चारात येईल. त्यांची मुलं टोरांटोला असण्याचीही बरीच शक्यता आहे. कोलकात्याहून गेलेल्या हक्कांनी तिथे हॉटेलं काढली, आणि त्या शहरात 'हक्का' म्हटलं की लोकांना चिली चिकन आणि मंचुरियन आठवतं. तिकडे गिऱ्हाईक पंजाबी, गुजराती, बंगाली असतं, त्यामुळे टांग्र्याच्या कारखान्यात कमावलेली हिंदी टोरांटोच्या गल्ल्यावर अजून रोज वापरली जाते.