मॅकलेमोर अव्हेन्यूवरची कलती जमीन

पहिला तासभर मला त्या संग्रहालयाचा रागच आला होता. शिकागोहून रात्रभर रेल्वेच्या खुर्चीत अवघडून बसून, आखडलेल्या मानेने मी मेम्फिसला उतरलो होतो तो सोल गायक ओटिस रेडिंगसाठी. आणि ईस्ट मॅकलेमोर अव्हेन्यूवरच्या, स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या संग्रहालयात सगळी गर्दी मात्र तिथलाच दुसरा गायक आयझॅक हेझ याच्या निळ्या कॅडिलॅकभोवती जमली होती. सोन्याचा मुलामा मिरवणारी ती गाडी फिरत्या चौथऱ्यावर सावकाश गोल फिरत असते. तिची छायाचित्रे काढणाऱ्यांत माझी पत्नीही होती, हे नाइलाजाने नमूद करतो.

रागाचे दुसरे कारण म्हणजे ही मूळ वास्तू नव्हेच. जिम स्टुअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी कॅपिटॉल नावाची जुनी टॉकीज भाड्याने घेऊन तिथे स्टुडिओ थाटला आणि खाऊच्या काउंटरच्या जागी रेकॉर्डचे दुकान मांडले. कंपनी १९७५ मध्ये बुडाली, इमारत १९८९ मध्ये पाडली गेली आणि २००३ मध्ये त्याच जागेवर तिची प्रतिकृती उघडली. नकल पाहण्यासाठी का मान आखडून घेतली, असे पुटपुटतच मी स्टुडिओच्या दालनात शिरलो, आणि पोटऱ्यांना ताण जाणवला.

टॉकीजच्या खुर्च्या काढल्या, तरी पडद्याकडे उतरत जाणारी जमीन कोणी सपाट केली नव्हती. तिथल्या ध्वनिमुद्रणांतला भरदारपणा जाणकार याच उताराच्या खाती जमा करतात. प्रतिकृती उभारणाऱ्यांनी तो उतारही पुन्हा बांधला आहे.

ऑक्टोबर १९६२ मध्ये या जागी ओटिस आला तो ड्रायव्हर म्हणून. जॉर्जियातल्या मेकन गावचा गिटारवादक जॉनी जेंकिन्स याचे ध्वनिमुद्रण होते आणि त्याच्याकडे गाडी चालवण्याचा परवाना नव्हता. धर्मोपदेशक बापाचा, चर्चमध्ये गाऊन तयार झालेला हा एकवीस वर्षांचा मुलगा गाडी चालवत आला आणि दिवसभर थांबून राहिला. जेंकिन्सचे काम काही जमले नाही. उरलेल्या वेळात ड्रायव्हरला संधी मिळाली, तेव्हा त्याने स्वतः रचलेले ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ म्हटले. त्या गाण्यात तो अशा अजिजीने विनवतो, की आपण कोणाचे तरी खासगी बोलणे चोरून ऐकत आहोत असे मला अजूनही वाटते.

पुढची पाच वर्षे एखाद्या वाक्यात मावावीत इतक्या वेगाने गेली: १९६५ मध्ये त्याने ‘रिस्पेक्ट’ लिहिले आणि गायले, १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिनने ते कायमचे आपलेसे केले, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये माँटेरेच्या महोत्सवात त्याने गोऱ्या तरुणाईला जिंकले. ‘डॉक ऑफ द बे’ याच स्टुडिओत मुद्रित झाले. त्यानंतर काही दिवसांतच, १० डिसेंबर १९६७ रोजी, त्याचे विमान विस्कॉन्सिनमधल्या मोनोना सरोवरात कोसळले आणि आठांपैकी एकटा ट्रंपेटवादक बेन कॉली वाचला. ओटिस सव्वीस वर्षांचा होता. ते गाणे अव्वल ठरले ते मार्च १९६८ मध्ये. मोनोना शिकागोहून मोटारीने तीन तासांच्याही आत आहे, पण तिथे जाणे मी दोनदा टाळले आहे.

त्या दालनात मी एकटाच किती वेळ उभा होतो कोण जाणे. कॅडिलॅक पाहून पत्नी शोधत आली. तिचे गुडघे दुखरे आहेत, त्यामुळे उंबऱ्यातच थबकून ती म्हणाली, “अहो, इथली जमीन कलती आहे.”